रिसोलतआपाचा उष्टा नान

कोकंदच्या रेडिओवर रिसोलतआपा दर मंगळवारी संध्याकाळी गायची आणि तिच्यामागे डफ मी वाजवायचो. हे दुसरं वाक्य लोक विसरतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. चहाखान्यात, चौकात, घराघरांत भिंतीवर एक काळी कागदी थाळी टांगलेली असायची, तिच्यातूनच रेडिओ ऐकू यायचा. थाळी गायला लागली की माणसं म्हणायची, "आपा आली." माझं नाव कंबर, पण "कंबर आला" असं एकानेही कधी म्हटलं नाही.

आपाचा आवाज अठरा वर्षांच्या पोरीचा होता. देह चाळिशीचा, आणि दोघींना पुरून उरेल एवढा. गाण्याआधी ती एक ताट पुलाव खायची आणि गाण्यानंतर, घसा सुकला म्हणून, आणखी एक. निवेदक तिची ओळख करून देत असायचा तेव्हा तिच्या गालात जर्दाळू असायचा. उभी हयात मी तिच्या पंगतीला बसलो, पण "पोट भरलं" हे शब्द काही तिच्या तोंडून ऐकले नाहीत. म्हणजे, एकदा ऐकले. तीच गोष्ट सांगतोय.

आपाचा नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तांबटांच्या गल्लीतल्या त्या घरात ती आणि तिची सासू हुरीबीबी अशा दोघीच. दोघी सकाळी भांडायला सुरुवात करायच्या आणि थाळी बोलायला लागली की थांबायच्या. मंगळवारी मात्र आपा थाळीत असायची, तर हुरीबीबी थाळीशीच भांडायची. "एवढा वर कशाला चढतेस? उतरताना दम लागेल." शेजारी हसायचे. पण त्या म्हातारीला जगात दुसरं कुणी नव्हतं आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

लढाई सुरू झाली. दुसऱ्या वर्षी हुकूम आला की आघाडीवर आपले शिपाई आहेत, त्यांना आपली गाणी ऐकवायला कलाकार पाठवा. आपाचं नाव पहिलं होतं. माझं नाव शेवटचं, तेही पेन्सिलीने.

आमच्याकडे घरातला माणूस लांब निघाला की त्याच्यापुढे ताजा नान धरतात. त्याने एक घास तोडायचा, दाताने. उरलेला उष्टा नान कापडात गुंडाळून भिंतीवर टांगायचा. माणूस परत आला की उरलेला त्याने संपवायचा. घरी अन्न वाट बघत असलं की माणसाला परत यावंच लागतं. माझा नान माझ्या बायकोने टांगला होता, छान गोल चावा, मी दोनदा बघून घेतला होता.

हुरीबीबी स्टेशनवर नान घेऊन आली. तंदुरातून काढलेला, वर कलौंजी, अजून वाफ निघत होती. आपाने एक घास घेतला आणि नान हातातच राहिला, कारण तेवढ्यात शहराचे पुढारी भाषणाला उभे राहिले. एक बोलला, मग दुसरा. गाडी हलेना. आपा घाबरलेली होती. तिला भीती वाटली की भूक लागायची, तशी आनंद झाला की लागायची आणि काहीच झालं नाही तरी लागायची. शालीखाली तिचा हात वर जात होता आणि खाली येत होता. शेवटी शिट्टी झाली. हुरीबीबीने हात पुढे केला.

"आण तो नान."

आपाने शालीतून हात बाहेर काढला. हातात काही नव्हतं. ओठाला एक कलौंजीचा दाणा चिकटला होता.

"सगळा?" हुरीबीबी म्हणाली.

"आई, भाषण फार लांबलं."

म्हातारी पांढरी पडली. शिव्या देईल असं वाटलं, पण तिने शिव्या दिल्या नाहीत, आणि त्यानेच मी हादरलो. गाडी निघाली तरी तिचा हात तसाच पुढे होता.

आघाडीवर आम्ही ट्रकच्या पाठीवर उभं राहून कार्यक्रम करायचो. आपा अंगात कापूस भरलेला शिपायाचा कोट घालायची आणि वरून रेशमी झगा, म्हणजे गादीला गलेफ घातल्यासारखी दिसायची. पहिल्या दिवशी शिपाई इकडेतिकडे बघू लागले. एकाने विचारलंच, "ती थाळीतली बारीक पोरगी कुठाय?"

"तिला घरी ठेवून आलेय," आपा म्हणाली. "मी तिचं सामान."

मग ती गायला लागली. चार ओळींत त्या पोरांनी टोप्या काढून तोंडं झाकली. मीही त्या दिवशी डफ बरा वाजवला होता, पण असो.

दिवसा ती सगळ्यांना हसवायची. पण जवळपास गोळा पडला की माझा दंड धरायची. एकदा ट्रकखाली चिखलात आम्ही दोघं पालथे पडलो होतो, तेव्हा म्हणाली, "कंबर, तुझा नान आहे रे भिंतीवर. माझं घरी काही शिल्लकच नाही. म्हातारी कोणत्या तोंडाने वाट बघत असेल?" मी म्हटलं, या सगळ्या खुळचट समजुती. पण म्हणताना माझा आवाज काही धड नव्हता, कारण मनातल्या मनात मी माझ्या नानाचा चावा पुन्हा तपासून बघत होतो.

फेब्रुवारीत कोकंदहून शिपायांसाठी भेटी घेऊन एक मंडळ आलं. मनुका, तंबाखू, लोकरी मोजे. मंडळाचा म्होरक्या सुक्या जर्दाळूंच्या सहकारी संस्थेचा अध्यक्ष होता, गल्लीत त्याला जर्दाळूवालाच म्हणत. त्याने छातीशी धरलेलं एक गाठोडं सोडलं. आत नान होता, अख्खा, वाळून ढालीसारखा झालेला. सोबत हुरीबीबीने पत्रलेखकाकडून लिहून घेतलेली चिठ्ठी. मी मोठ्याने वाचली.

"सूनबाई, एकच घास. दुसरा घेतलास तर हातावर मारायला जर्दाळूवाल्याला सांगितलंय. नान त्याच्याबरोबर परत पाठव. खोकला असेल तर कोटाची वरची गुंडी लाव. मी ठीक आहे, घरात भांडायला कुणी नाही."

आपा डोळे पुसत हसली. नान दातात धरून तिने सगळं बळ लावलं, कट्‌ असा आवाज झाला आणि घास सुटला. जर्दाळूवाल्याने तत्परतेने हात पुढे केला. पण भोवती आमच्याकडचे शिपाई जमले होते. त्यांतला एर्गाश नावाचा एक किडकिडीत पोरगा पुढे आला, छातीवर हात ठेवून.

"आपा, मी कालवा खणत होतो. फावडं टाकायला लावलं आणि तिथूनच गाडीत बसवलं. घरी जाऊ दिलं नाही. माझा नान कुठंच टांगलेला नाही. तुमच्यात एक घास घेऊ का?"

जर्दाळूवाला म्हणाला, "हे नियमात बसत नाही."

"तुम्ही गप्प बसा," आपा म्हणाली. "घे रे बाळा. कडेने घे."

झालं. एकाने धरली वाट की सगळे त्याच वाटेने. दुसरा अनाथाश्रमातला होता, त्याला कुणी नान धरलाच नव्हता. तिसऱ्याला घरून पत्र आलं होतं की तुझा नान शेळीने खाल्ला, काळजी करू नये. चौथ्याच्या बायकोने केलेला नान इतका कडक होता की त्याने नुसतं चावल्याचं नाटक केलं होतं, आणि आता त्याला पश्चात्ताप होत होता. असे दहा जण. दहा चावे, आपाचा धरून अकरा. आपाने प्रत्येकाकडून पत्ता पाठ करून घेतला. तांबटांची गल्ली, दारात तुतीचं झाड, आतून भांडण ऐकू येईल ते घर. कुणाचा चावा कुठला हे मी कागदावर लिहून दिलं.

मंडळ परत निघताना तपासणी होती. राजकीय विभागाचा कॅप्टन ग्लुश्को हा मोठ्या मिशीचा, कधी न हसणारा माणूस. त्याने गाठोडं उघडलं.

"हे काय आहे?"

माझं रशियन बाजारापुरतं. मी म्हणालो, "साहेब, उष्टं."

"उष्टी भाकरी तीन हजार किलोमीटर कशाला पाठवताय?"

"घरी वाट बघतायत."

"उष्ट्याची?"

"उष्ट्याचीच."

त्याने चावे मोजले. अकरा. मग माझा कागद वाचला. शिपायांची नावं आणि दातांचे ठसे बाहेर पाठवणं म्हणजे काय, हे मला कळतं का, असं त्याने विचारलं. तेव्हा आपा पुढे झाली आणि तिने सगळी पद्धत सांगितली, अगदी स्टेशनवर काय झालं तेसुद्धा, आणि मी भाषांतर करत गेलो.

"म्हणजे अंधश्रद्धा," कॅप्टन म्हणाला. "देवाधर्माचं खूळ."

"नाही साहेब. यात देव नाही, फक्त सासू आहे."

कॅप्टनची मिशी हलली, पण हसला नाही. नान त्याने जप्त केला. आपा त्या दिवशी जेवली, पण एकदाच, त्यावरून काय ते ओळखा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाठोडं परत दिलं. वर कागद होता, शिक्क्यासकट: 'तपासले. हरकत नाही.'

नान कोकंदला पोचला. हुरीबीबीने तो थाळीशेजारच्या खिळ्याला टांगायच्या आधी कागद पत्रलेखकाकडून वाचून घेतला आणि त्याच्याशी ताडून पाहिला. चावे बारा होते. बारावा चांगला रुंद, मधे एका दाताची जागा रिकामी. म्हातारी तडक चहाखान्यात गेली, जिथे बायका जात नसत.

"जर्दाळूवाल्या, तोंड उघड."

"बीबी, शपथेवर सांगतो, मी नानाला दातसुद्धा लावला नाही."

"खाई त्याला खवखवे. उघड म्हणते ना."

त्याने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. दात पूर्ण होते. म्हातारी म्हणाली, चोरी पचल्यावर नवा दात बसवला असणार. त्या माणसाने पुढे चार वर्षं ती गल्ली सोडून लांबच्या रस्त्याने ये-जा केली.

शरद ऋतूत आम्ही परतलो. मी घरी जाऊन माझा नान दुधात भिजवून संपवला. हुरीबीबीनेही गाठोडं खाली काढलं, वाटीत चहा ओतला आणि आपासमोर ठेवला. आपा म्हणाली, "थांबा आई. पोरं पाहुणी आहेत. पाहुण्यांआधी घरच्यांनी जेवायचं का?" सासूने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

लढाई संपली तशी पोरं येऊ लागली. कुणी काठी टेकत, कुणी पदकं लावून. हुरीबीबी दारातच तोंड उघडायला लावायची, ठसा जुळवायची आणि मगच आत घ्यायची. नान एव्हाना विटेसारखा झाला होता. तुकडा चहात भिजवूनही शेळीवाल्याचा एक दात पडला, तरी तो हसत होता. कडक नानाच्या बायकोवाला बायकोलाच घेऊन आला. असे सहा जण आले. सातवा आला नाही. एर्गाशची मी फार वाट पाहिली. कालवा पुरा झाला, त्यात पाणी सुटलं, पोरगा आला नाही.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तुतीखाली एक टकला माणूस येऊन उभा राहिला, साध्या कपड्यांत, हातात टोपी. मिशीवरून मी ओळखलं. कॅप्टन ग्लुश्को.

"एका भाकरीच्या कामासाठी आलोय," तो म्हणाला आणि मान खाली घालून राहिला. "तेव्हा माझं गाव शत्रूच्या ताब्यात होतं. घराला भिंत उरली नव्हती, खिळा कुठला. वाटलं, तुमच्याकडे आहे तर..."

मी भाषांतर केलं. हुरीबीबी जवळ गेली.

"तोंड उघड."

त्याने उघडलं. मधला एक दात नव्हता.

"सापडला," म्हातारी म्हणाली. "बस. हात धू."

तिने बाराव्या चाव्याच्या मागचा तुकडा हातोडीने फोडला, चहात बुडवला आणि त्याच्या हातावर ठेवला. तो माणूस खाता खाता रडत होता आणि रडता रडता खात होता. आपाने त्याच्यापुढे पुलावाचं ताट सरकवलं आणि स्वतःही एक घेतलं. मग हुरीबीबीने दुसरा तुकडा फोडायला हातोडी उचलली.

"सूनबाई, आता कुणी यायचं नाही. पाच वर्षं झाली. तुझा घास घे."

आपाने नानाकडे पाहिलं. पाच चावे उरले होते, चार पोरांचे आणि एक तिचा. तिने आपला घास संपवला असता तर त्या चौघांचा नान कुणाचाच नसता. परत आलेल्या माणसाच्या घरात कुणी नान टांगून ठेवत नाही.

तिने ताट बाजूला सारलं. त्यात निम्मा पुलाव तसाच होता.

"पोट भरलंय माझं, आई."

हुरीबीबीने हातोडी खाली ठेवली. भांडली नाही. तिने नान कापडात गुंडाळला, थाळीशेजारच्या खिळ्याला पुन्हा टांगला, गाठ घट्ट आहे का ओढून पाहिली आणि जर्दाळूवाल्याची माफी मागायला चपला घालून बाहेर पडली.