साडेदहा इंच

"एवढा हात तेवढा काढून टाक, जया. बाकी फोटू झ्याक हाय."

मुक्ताबाईंनी जयाच्या फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवलं. त्यांचे मालक काकासाहेब जाऊन आज आठवा दिवस. परवा दहावा. त्या दिवशी प्रवचनाला फोटो पुढ्यात ठेवायचा आणि नंतर घरात, सासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगायचा. सासऱ्यांची फ्रेम बारा-पंधराची, म्हणजे ही पण बारा-पंधराचीच पाहिजे. लहानमोठ्या फ्रेमा एका रांगेत दिसल्या तर सोनईत लोक चहा प्यायच्या आधी तेच बोलून दाखवतात.

फोटो मुलीच्या, मोनिकाच्या, लग्नातला होता. बारा वर्षांपूर्वीचा. काकासाहेबांचे बाकी सगळे फोटो आधारकार्डावरच्या फोटोचे सख्खे भाऊ. या एकाच फोटोत ते तोंड भरून हसत होते. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ आप्पासाहेब, आणि आप्पासाहेबांचा उजवा हात मानेमागून येऊन काकासाहेबांच्या पलीकडच्या खांद्यावर पडलेला. मधलं बोट निम्मं. गावात ते बोट कुणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल.

"आप्पांना कापलं तरी हात ह्या बाजूला राहतोय, मावशी," जया म्हणाली. "हातासकट कापायचं म्हटलं तर काकांचा खांदा जातोय आन कान फ्रेमला चिकटतोय."

"मी मोबाईलवर काढून पाहिला," मोनिका म्हणाली. तिनं दाखवलं. हात गेला होता खरा, पण खांद्याची पार पुरणपोळी झाली होती.

"असलं नको. नीट कर." मुक्ताबाईंचा आवाज चढला. "त्या हातानं नऊ वर्षं नगरच्या कोर्टात सह्या केल्या. हातभर बांधापाई. मालकाच्या छातीत दुखायचं तरी तारखा सुटल्या न्हाईत. त्यो हात आता भिंतीवर रोज बघू का मी?"

जयानं फक्त माप लिहून घेतलं. गिऱ्हाईक सांगेल ते कापायचं आणि तोंड बंद ठेवायचं, हा तिचा तीस वर्षांचा रिवाज होता. फोटो काढायचा नवरा, बजरंग. कापायची जया. पूर्वी पोलादी पट्टी आणि ब्लेड होतं, आता माऊस आहे, एवढाच काय तो फरक. लोकांना वाटतं फोटो काढणं ही कला. पण कॅमेरा जे घेतो ते कुठल्याच फ्रेमीत बसत नाही, हे जयाला विचारा. कॅमेऱ्याचा फोटो आडवा. तो पंधरा इंच उंच करायचा तर साडेबावीस इंच रुंद होतो. त्यातले बारा ठेवायचे आणि साडेदहा टाकून द्यायचे. त्या साडेदहा इंचांत आजवर काय काय गेलं होतं! मांडव गेले, आहेराची भांडी गेली, न बोलावता मध्ये घुसलेले पाहुणे गेले. कधी कधी माहेरी निघून गेलेल्या सुना आणि वाटणी मागितलेले भाऊसुद्धा गेले.

त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण एकदा ज्ञानेश्वरी नावाची नवी नवरी दुकानात आली. हळद अजून अंगावर होती. म्हणाली, "मी दोन वर्षांची असताना आमच्या घरचा फोटो तुम्ही कापलाय. आईला काढून टाकलंय त्यातून. आईचा दुसरा फोटोच नाही. तो तुकडा असेल का हो तुमच्याकडं?" जयाला तो फोटो आठवला. तो तुकडा संध्याकाळी केराबरोबर गेला होता, हेही आठवलं. त्या पोरीचं तोंड ती अजून विसरली नव्हती. तेव्हापासून कापलेला कपटाही ती टाकत नसे. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरला होता, आणि आता कॉम्प्युटरमध्ये मूळ फोटोंचा वेगळा कप्पा होता.

मायलेकी गेल्यावर तिनं काम हातात घेतलं. डाव्या खांद्याचं कापड उजव्यावर बसवलं, शिवणीला शिवण जुळवली. दुपारपर्यंत हात असा गेला की कधी नव्हताच. मात्र एक गोष्ट तिला खटकत राहिली. काकासाहेब एका बाजूला कललेले होते. अंगाचा अर्धा भार कुणावर तरी टाकून माणूस जसा निवांत उभा राहतो तसे. आता त्या बाजूला निळ्या पडद्याशिवाय काहीच नव्हतं.

चारच्या सुमाराला आप्पासाहेब दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात, दाढीचे खुंट वाढलेले. मातीला आले होते तेव्हाही ते असेच लांब, बाभळीखाली उभे होते. कुणी जवळ बोलावलं नाही आणि ते आपणहून गेले नाहीत.

"वैनी आल्ती व्हय?"

"आल्या होत्या."

"कंचा फोटू दिला?"

जयानं पडदा त्यांच्याकडं वळवला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग आपलाच उजवा हात त्यांनी टोपीखाली घेतला.

"बरं केलं," ते म्हणाले. "त्येंचं बरोबर हाय."

जायला म्हणून वळले, आणि परत बाकड्यावर टेकले. "ह्ये बोट कडबा कापायच्या कुट्टीत गेलं तवा मी अकरा वर्साचा. समदा हातच गेला आसता. दादानं उलटं चाक फिरवलं. बापूंनी, आमच्या वडलांनी, त्यालाच मारलं, ध्यान कुठं हुतं म्हनून. त्यानं मार खाल्ला, पन मीच खेळत हात घातल्याचं सांगितलं न्हाई. आन मी त्याला कोर्टात उभा केला." टोपीनं त्यांनी डोळे पुसले. जयानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मूळ फोटू हाय का पुसला?"

"आहे की."

"मला येक करून दे. बापूंच्या फ्रेमएवढा. वाटनीत बापूंचा फोटू दादाकडं गेला, पन माप माझ्या ध्यानात हाय."

"कसा कापू? दोघं बसवायचे म्हटलं तर कडेला तुमचा..."

"कापूच नको."

"न कापता बारा-पंधराच्या उभ्या फ्रेमीत टाकला तर वर साडेतीन आन खाली साडेतीन इंच कोरं राहतंय, आप्पा. फोटो बारीक दिसंल. बरं दिसत नाही ते."

"ऱ्हाऊ दे कोरं. आमाला काय कुनाला दाखवायचाय?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही फ्रेमा तयार झाल्या. तीच सागवानी रंगाची पट्टी, तीच काच. मुक्ताबाईंची फ्रेम जयानं वर्तमानपत्रात बांधून ठेवली. आप्पासाहेबांची मात्र उघडीच राहिली, तीही गल्ल्याच्या मागं, बरोबर गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर. कागद संपला होता म्हणून की आणखी कशासाठी, ते जयाचं जयाला ठाऊक.

मुक्ताबाई एकट्याच आल्या. कागद सोडून फोटो बघितला. पदरानं काच पुसली. खांद्यावर हात होता तिथं दोनदा पुसली.

"काम चांगलं झालंय. पन ह्ये असे तिरपे का उभं ऱ्हायलेत?"

"आप्पांवर रेललेत ना," जया म्हणाली. "मूळ फोटोत तसंच आहे. ते मला नाही काढता आलं."

मुक्ताबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांची नजर वर गेली. कोऱ्या कागदाच्या मधोमध दोघे भाऊ हसत होते. काकासाहेबांचा सगळा भार धाकट्यावर, आणि धाकटाही तो भार आनंदानं घेऊन उभा.

"ह्यो कुनी करायला सांगितला?"

"आप्पांनी. त्यांच्या घरी लावायला." एवढ्यावर थांबायचं, असा रिवाज होता. जया थांबली नाही. "काकांनी मार खाल्ल्याचं सांगत होते. कुट्टीचं. रडले, मावशी."

मुक्ताबाई बाकड्यावर बसल्या. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला तेव्हा काचा थरथरल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. हातातली फ्रेम मात्र घट्ट धरून ठेवली होती.

"ह्या फोटूच्या वक्ताला," त्या म्हणाल्या, "जेवनाच्या पंगती उठल्या हुत्या. आचारी पळाला म्हनून आप्पा भावजींनी सोता भात वाढला. ह्ये त्यांना म्हनले, तू दमला आसशील, टेक माझ्यावर. आन सोताच टेकले." त्या हसल्या, आणि हसताना त्यांचा आवाज फाटला.

मग त्या उठल्या. आपली फ्रेम गल्ल्यावर उताणी ठेवली आणि मागची उघडी फ्रेम उचलून बगलेत घेतली.

"अहो मावशी, ती त्यांची आहे. न्यायला येतील आज."

"त्येंचीच हाय. मी कुटं माझी म्हनते?" मुक्ताबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला. "उद्या दहाव्याला हीच ठेवते पुढ्यात, जित्या मानसाचा फोटू म्हनून कोन काय म्हनंल ते म्हनू दे. त्येंना म्हनावं, न्यायची आसंल तर घरी येऊन न्या."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. जयानं उताणी फ्रेम उचलली, मागचा पुठ्ठा सोडवला आणि निळ्या पडद्यासमोर एकटेच कललेले काकासाहेब बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिले. मग फोन लावला.

"आप्पा, फोटो झालाय. पण तो इथं नाही. वहिनी घेऊन गेल्या. म्हणाल्या, घरी येऊन न्या."

फोन कट झाला की काय म्हणून जयानं दोनदा कानापासून काढून बघितला. आप्पासाहेबांचं घर आणि वहिनींचं घर, दोन्हींच्या मध्ये एकच भिंत होती.

"किती वाजता या म्हनल्या?" आप्पासाहेबांनी विचारलं.