एक दात पडलेला माग

राव्दनाच्या दारातल्या पायरीवर स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीच्या, जुन्या पट्ट्याचा तुकडा ठोकलेला होता. रबरी दात वर करून तो पडलेला असायचा, आणि त्यावर पाय दिला की कितीही गोठलेलं असो, माणूस घसरायचा नाही. गावातल्या निम्म्या घरांच्या पायऱ्यांना असेच तुकडे होते. पण या तुकड्यातला मधल्या ओळीतला एक दात मुळापासून उपटलेला होता. राव्दनाच्या बुटाला ते खिंडार रोज लागायचं.

हा पट्टा मिहकालच्या गाडीचा होता. मिहकाल म्हणजे तिचा धाकटा दीर. मागच्याच्या मागच्या वसंतात तळ्याच्या गळ्याशी तो गाडीसकट बर्फाखाली गेला. तिथे नदी तळ्यातून बाहेर पडते, खालून पाणी ओढ घेतं, आणि बर्फ वरून कितीही शहाणा दिसला तरी आतून कच्चाच राहतो. गाडी वर काढली, मिहकालही सापडला. त्याला चर्चच्या आवारात पुरलं. गाडी भंगारात गेली आणि पट्टा सासूबाईंनी दारात ठोकून घेतला. "निदान आता कुणाचा पाय तरी घसरणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तळ्यावर बर्फ असेतो त्या घरात मिहकालचं नाव घेत नसत.

तो जिवंत असताना त्याचा माग सगळ्या गावाला पाठ होता. ताज्या बर्फावर दातांच्या रांगा सरळ उमटत जायच्या आणि पट्ट्याच्या दर फेऱ्याला मध्येच एक बोळकं. राव्दना खिडकीतून बघून म्हणायची, "भावजी आले आणि कॉफी न घेताच पळाले." आणि संध्याकाळी तो दारातून डोकं घालून ओरडायचा, "वहिनी, पोलिसात जा तुम्ही! गुन्हेगार शिल्लक राहायचा नाही."

या हिवाळ्यात तिने तो माग पुन्हा पाहिला.

सुन्नाला, आपल्या तीन वर्षांच्या लेकीला, लोकरी बूट चढवून ती अंगणात घेऊन आली होती. रात्रभर हलका बर्फ पडून गेलेला. लाकडांच्या खोपटामागून एक माग निघाला होता आणि उतारावरून थेट तळ्यावर गेला होता. दातांच्या रांगा, बोळकं, पुन्हा रांगा, पुन्हा बोळकं. जाणारा माग होता, परतीचा नव्हता. आणि खोपटापर्यंत येणाराही नव्हता. जणू गाडी तिथेच उगवली होती.

राव्दना नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात, कॉलेजात शिकलेली. तिने स्वतःला समजावलं, एक दात काय कुणाच्याही पट्ट्याचा पडतो. त्या आठवड्यात ती गावातल्या प्रत्येक उभ्या गाडीशी काहीतरी निमित्त काढून थांबली. सुन्नाची टोपी पाडायची आणि उचलता उचलता पट्टा बघून घ्यायचा. कुणाचे दात झिजलेले होते, कुणाचा पट्टा चिरलेला होता. मधल्या ओळीतलं ते बोळकं मात्र एकाच जागी होतं, तिच्या स्वतःच्या पायरीवर.

नवऱ्याला, इस्सातला, तिने सांगितलं नाही. तिला इस्सातची भीती वाटली नाही, तिला दुसरीच भीती होती. भावाचा माग तळ्यावर गेलाय असं कळलं, तर तो त्याच्यामागे जाईल.

*

त्यातच इस्सातच्या गाडीचं इंजिन बसलं. कळप किनाऱ्याकडे हलवायचे दिवस तोंडावर आले होते. गाभण रेनडिअर कुणासाठी थांबत नाहीत. नवी गाडी घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुकानात योव्ना नावाचा विक्रेता होता, पोटाने मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. त्याच्या हाताखाली दक्षिणेकडून आलेला एक नवा माणूस होता. त्याने भाबडेपणाने विचारलं, "तुमची जनावरं किती आहेत? म्हणजे गाडी केवढी लागेल ते ठरवायला."

योव्नाने कपाळाला हात लावला.

"तुझ्या बँकेत किती आहेत ते मोठ्याने सांग," इस्सात म्हणाला, "मग मी माझी जनावरं सांगतो."

"माफ कर रे त्याला," योव्ना हसत म्हणाला. "तो अजून चाकांवरच चालतो. बोल, गाडी हीच ना? मग आता पट्ट्याचं बोल. खरी अक्कल तिथे लागते."

एकाच गाडीचे दोन नग शेजारी उभे होते. एकीच्या पट्ट्याचे दात आखूड होते आणि त्यांच्यामधून पोलादी खिळ्यांची टोकं चमकत होती. दुसरीचे दात बोटभर उंच, मऊ, वल्ह्यासारखे.

"हा खिळ्यांचा. तळ्यावर काचेसारखा बर्फ असला तरी मांजरासारखा धरतो," योव्ना सांगू लागला. "आणि हा उंच दातांचा, पठारावरच्या भुसभुशीत बर्फात पोहतो म्हण. पण उघड्या बर्फावर नुसता फिरतो, पकड नाही. शिवाय मऊ बर्फ उडून वर आला नाही की इंजिन तापतं. दोन डगरींवर पाय ठेवायला जाशील तर..."

"खिळ्यांचा," इस्सात म्हणाला. "तळ्यावरून गेलं की अर्धा दिवस वाचतो."

"उंच दातांचा," राव्दना म्हणाली.

इस्सातने वळून पाहिलं. "अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतं, गाडीमागे ओढायच्या स्लेजमध्ये मी आणि सुन्ना बसणार आहोत."

"मग? तळं सपाट असतं. हाडं तरी शाबूत राहतील तुमची."

"गळ्याशी कोण शाबूत राहिलं?"

हे तिने बोलायला नको होतं. इस्सातचा चेहरा दगडासारखा झाला. मग तो हळू म्हणाला, "गळा मला ठाऊक आहे. मी काही आंधळा जात नाही. पुढे माग असेल तरच जातो. माग पुढे गेलाय म्हणजे बर्फाने पेललंय. माझ्या आजोबांपासून सगळे हेच बघत आलेत."

राव्दनाच्या मनात खोपटामागचा तो माग उभा राहिला. तिने गुडघे टेकले आणि उंच दातांच्या पट्ट्यावरून बोटं फिरवायला सुरुवात केली. एकेक दात दाबून पाहिला, वाकवून पाहिला, गाडी थोडी ढकलायला लावून खालच्या बाजूचे पाहिले. सगळे जागच्या जागी होते.

"वहिनी, दाताचा डॉक्टर व्हायला हवं होतं तुम्ही," योव्ना म्हणाला. आवाज योव्नाचा होता, पण बोलण्याची ढब मिहकालची होती.

"हाच घ्यायचा," ती म्हणाली. "नाहीतर मी आणि सुन्ना येत नाही."

तिचा हिशेब साधा होता. जी गाडी तळ्यावर चालतच नाही, ती गाडी तळ्यावर कोण नेईल?

*

निघाले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. कळप आधीच पुढे गेला होता, सासूबाई नातलगांच्या गाडीवर होत्या. इस्सातने मुकाट्याने पठाराची वाट धरली. उंच दातांनी भुसभुशीत बर्फ असा कापला की त्यालाही हसू आवरलं नाही. मागे स्लेजमध्ये रेनडिअरच्या कातड्यांत गुंडाळून राव्दना बसली होती. मांडीत सुन्ना. दर थोड्या वेळाने ती लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासायची. सुन्ना वैतागून बोट चावायची.

दुपारी वारा उठला आणि बघता बघता जमीन-आभाळ एक झालं. अशा पांढऱ्यात वर कुठे, खाली कुठे कळत नाही. माणूस बसल्या जागी पडतोय असं वाटतं. राव्दनाने एकच खूण धरून ठेवली होती: वारा डाव्या गालावर. डाव्या गालावर आहे तोवर आपण पठारावर आहोत.

इस्सातने वेग कमी केला. मग अचानक वाढवला. तिने मान वाकडी करून पुढे पाहिलं. त्याला माग सापडला होता. ताजा, दाबलेला, सरळ. तिचाही जीव भांड्यात पडला. कुणीतरी पुढे गेलंय.

गाडी मागावरून धावू लागली. सुन्ना झोपली. राव्दनाच्या लक्षात आलं की डावा गाल वाऱ्याने जळत नाहीये. मग जळू लागला, तो उजवा. स्लेज बराच वेळ उतरतेय. आणि स्लेजखालच्या घसरपट्ट्यांचा आवाज बदललाय. आधी फसफस होती, आता खालून पोकळ घुमतंय, रिकाम्या पिंपावरून हात फिरवावा तसं.

तिने स्लेजच्या कडेवरून वाकून पाहिलं. त्यांच्या गाडीच्या रुंद ठशाबाहेर त्या पुढे गेलेल्या मागाची कड दिसत होती. मग एका वळणावर तो सगळाच उघडा पडला. दातांच्या रांगा. बोळकं. दातांच्या रांगा. बोळकं.

ती किंचाळली. इंजिनापुढे किंकाळी कुठली टिकते? स्लेजमधल्याने चालवणाऱ्याला काही सांगायचं तर हातमोजा फेकायचा, ही इथली रीत. तिने एक फेकला, वाऱ्याने नेला. दुसरा फेकला, तो इस्सातच्या खांद्याला लागून पडला. त्याने मागे पाहिलंसुद्धा नाही.

आणि तेवढ्यात पट्टा जागच्या जागी फिरायला लागला. वाऱ्याने बर्फ झाडून नेलेला होता, खाली काळी काच होती. उंच दात त्या काचेवर नुसते फडफडत राहिले. गाडी मंदावली, आडवी घसरली, तापल्या इंजिनाचा लाल दिवा लागला. तिसरा मोजा, सुन्नाचा, इस्सातच्या टोपावर बसला.

इंजिन बंद पडलं. त्या शांततेत खालून पाणी वाहताना ऐकू येत होतं.

"इस्सात, हा गळा आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याने टोपाची काच वर केली. चेहरा ओला होता. "त्याचा माग आहे, राव्दना. पठारावरच ओळखला मी. तो पुढे गेलाय. बघ ना, पलीकडेपर्यंत गेलाय. बर्फाने पेललंय त्याला."

"त्याचं वजन किती आहे आता?"

त्याने मान पुन्हा मागाकडे वळवली.

"सांग ना. माणूस गेल्यावर त्याचं वजन किती राहतं? त्याला कुठलाही बर्फ पेलेल. नुसतं पाणीसुद्धा पेलेल त्याला. तुला नाही पेलणार. हिला नाही पेलणार."

सुन्ना जागी झाली होती. गाडीच्या पुढच्या घसरपट्ट्यांखालून तड्याची एक बारीक रेघ सरसरत निघाली आणि त्या मागाच्या मधोमध थांबली.

मग मात्र इस्सात भानावर आला. स्लेजचा आकडा सोडून तो पोटावर पडला. राव्दनाने लेकीला कातड्यात गुंडाळून स्लेजमध्येच निजवलं आणि स्वतः उतरून तीही आडवी झाली. दोघं सरपटत, स्लेज मागे ओढत, आल्या वाटेने निघाली. बर्फ कुरकुरत होता. सुन्ना विचारत होती, "आई, आपण समुद्रातले सील आहोत का?" आणि राव्दना म्हणत होती, "हो बाळा, सीलच. हलू नकोस." काठावरच्या खुरट्या बर्चचं पहिलं झुडूप हाताला लागलं, तेव्हा तिने ते दातांनी धरलं. बोटं चालत नव्हती.

*

वारा पडल्यावर नातलग आले आणि दोर टाकून गाडी काठावर ओढली. गाडी जिथे थांबली होती, तिच्यापुढे अगदी थोड्या अंतरावर उघडं पाणी होतं, काळं, वाफाळणारं. माग सरळ पाण्यात शिरला होता. आणि पाण्यापलीकडच्या बर्फावर तसाच निघून पुढे गेला होता.

एका म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली. सासूबाई पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि इस्सातला म्हणाल्या, "खिळ्यांचा पट्टा असता तर तू थांबला नसतास." मग राव्दनाला आपले मोजे काढून दिले.

बर्फाच्या कडेवरून ओढताना पट्ट्याला मार बसला होता. राव्दनाने बसून दात तपासले. एकच गेला होता, मधल्या ओळीतला, मुळापासून.

तिने इस्सातकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. यापुढे बर्फावर दोन माग उमटणार आणि दोन्हीत तेच बोळकं. नवऱ्याचा कुठला नि दिराचा कुठला, ती खिडकीतून कशी ओळखणार?

"पट्टा बदलू," तो म्हणाला. "किनाऱ्यावरून आल्यावर."

"तोवर?"

तिने त्याच्या कमरेची सुरी काढून घेतली. नामकरणाच्या दिवशी सुन्नाला तिची खूण मिळाली होती, जी तिच्या रेनडिअरांच्या कानावर कापतात: टोकाशी एक खाच, मागच्या कडेला तिरक्या दोन. राव्दनाने पडलेल्या दाताशेजारच्या दातावर तशीच खाच घेतली. मग तिरक्या दोन.

"कोरा करकरीत पट्टा कापतेस?" इस्सात पुटपुटला.

"ही सुन्नाची खूण आहे. ही ज्या मागात असेल तो जिवंत माणसांचा. तिच्याशिवाय दिसला तर तू त्यावर पाऊल टाकायचं नाहीस. बोल."

"नाही टाकणार."

"माझ्याकडे बघून बोल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, पण म्हणायला वेळ लावला. तेवढा वेळ तिने मनात टिपून ठेवला.

*

किनाऱ्यावरून परतून पुढचा हिवाळा आलाय, पट्टा अजून बदललेला नाही. आता ती सगळ्यांच्या आधी उठते. शेगडीवर कॉफीचं भांडं ठेवते, सुन्नाच्या नाकाखाली बोट धरते आणि बाहेर येते. बहुतेक दिवशी अंगणात एकच माग असतो, पठाराकडून आलेला, बोळक्याशेजारी सुन्नाची खूण असलेला. पण ताजा बर्फ पडला की कधीकधी दुसराही असतो. खोपटामागून निघालेला, तळ्याकडे गेलेला. हल्ली तो दाराच्या बराच जवळून सुरू होतो.

तेव्हा ती फावडं घेते आणि उताराच्या टोकापर्यंत बर्फ टाकत जाते. दातांच्या रांगा बुजवते, बोळकी बुजवते, वरून बर्चच्या फांदीने सारखं करते. हे काम ती बोलत बोलत करते, दिराशी बोलायची तशीच.

"आज नाही हं, भावजी," ती म्हणते. "तो झोपलाय अजून. तुम्ही व्हा पुढे."

मग फावडं खोपटाला टेकवते, पायरीवरच्या पट्ट्यावर बूट घासते, आणि त्या खिंडाराला पाय न लावता आत येते.