पट्टा मी जाळलेला नाही

मित्रांनो, मी एका बर्फगाडीचा म्हातारा क्लच आहे आणि माझा राग अजून निवलेला नाही. तुम्ही म्हणाल, क्लचला कसला आलाय राग? अहो, ज्याच्यावर सगळ्या गावानं धडधडीत खोटा आळ घेतला, त्याला राग येणार नाही तर काय हसू येईल?

आधी मी कोण ते नीट समजून घ्या. मोटारीत पायानं दाबतात तो क्लच मी नव्हे. मी म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर बसवलेल्या दोन तबकड्या. इंजिन जोरात फिरलं की माझ्या पोटातली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि मधला रबरी पट्टा घट्ट धरतात. तो पट्टा मागच्या तशाच तबकड्यांना, म्हणजे माझ्या जोडीदाराला फिरवतो, जोडीदार साखळीच्या दातेरी चाकांना फिरवतो आणि मोटारसायकलसारखी मूठ धरून चालवायची ही गाडी बर्फावरून पळते. इंजिनाचा सगळा जोर आधी माझ्या हातात येतो. एवढं जबाबदारीचं काम, पण राहायचं कायम झाकणाखाली.

क्वेबेकच्या दक्षिणेला एका कारखान्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतून मला घडवलं. लेथवर घासलं, तोल तपासला आणि गाडीत बसवलं. माझे पहिले मालक पोस्टमन एदोरबाबा. काय माणूस! दर शनिवारी झाकण उघडून पट्ट्याची काळी भुकटी झटकायचे, स्वच्छ फडक्यानं मला पुसायचे आणि "गुणी आहेस रे बाबा" म्हणायचे. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, म्हणून त्यांनी गाडी ह्युगेतबाईंना दिली. देताना म्हणाले, "पोरी, फेरी झाली की इंजिन बंद करायचं, झाकण उघडायचं आणि क्लचला हात लावायचा. कोमट लागला तर सगळं बरं चाललंय. चटका बसला तर पट्टा घसरतोय असं समज, आणि का घसरतोय ते शोध."

ह्युगेतबाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. नवरा लिओनेल उत्तरेकडच्या खाणीत, सणावाराला घरी येणारा. सगळा हिवाळा बाई एकट्या. पण रविवारी गावच्या क्लबची जंगलातली फेरी निघाली की बाईंचा थाट बघावा! अंगात नारिंगी बंडी आणि जागा सगळ्यांच्या शेवटी. शेवटच्या गाडीनं कोणालाही ओलांडायचं नाही. जो अडकेल त्याला काढायचं, जो मागे पडेल त्याच्याबरोबर थांबायचं. नारिंगी बंडी दिसेपर्यंत, फेरी संपते तिथल्या झोपडीतल्या चुलीवरच्या वाटाण्याच्या सुपाचं झाकण कोणी उघडत नसे. घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. तिथे मात्र सगळं गाव बघायचं. त्या बंडीत त्यांचा जीव होता.

आता गाएतांकडे येतो. हा बाईंचा दीर. गावात गाड्यांचे भाग बदलून त्या जुळवून देण्यात याचं मोठं नाव! का? तर चर्चसमोरच्या गोठलेल्या तळ्यावर जी सरळ शर्यत लागते ती हा जिंकतो. आमच्या गावाचं खूळच हे आहे बघा. सगळा हिवाळा फिरायचं जंगलातल्या वळणावळणाच्या वाटेनं आणि गाडी जुळवायची तळ्यासाठी, कारण टाळ्या वाजवणारे लोक तळ्याकाठी उभे असतात! याला काय म्हणावं?

एक दिवस तो आला आणि गाडीवर थाप मारून म्हणाला, "वहिनी, हिची अगदी म्हातारी गाय झालीय. द्या इकडे, वाघीण करून देतो."

"अहो भाऊजी, मला वाघीण नकोय. मला सगळ्यांच्या मागनं हळूहळू यायचंय."

"हळू यायला गाडी कशाला लागते? चालत या की!"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. बाई ओशाळल्या आणि हो म्हणून बसल्या.

त्यानं माझ्या पोटातली, तबकड्या दूर ठेवणारी मऊ स्प्रिंग काढून ही अशी ताठर स्प्रिंग कोंबली. साखळीचं वरचं लहान चाक काढून मोठं घातलं. जुने भाग डब्यात टाकून डबा बाईंच्या शेडमधल्या फळीवर ठेवून दिला. झालं! आता इंजिन बोंबलेपर्यंत मला पट्टा धरता येईना, आणि धरला की असा हिसका बसायचा की बाईंची मान मोडायची वेळ. त्यात ते मोठं चाक. चढावर सायकल सगळ्यात जड गिअरमध्ये टाकून निघालात तर काय होईल, ते माझं रोज होऊ लागलं. तळ्यावर गाडी सुसाट गेली, हे मी नाकारत नाही. टाळ्या पडल्या, पण त्या गाएतांला. मला कोणी पुसलंही नाही.

जंगलात मात्र वळण आलं की थांबा, पुढचा थांबला की थांबा, मग पुन्हा निघा. प्रत्येक वेळी पट्टा घसरायचा, तापायचा, जळका वास सोडायचा. मी आणखी कसं सांगायचं? देवदारांच्या चढावर पट्टा फाटला. बाईंनी तो बर्फात बसून एकटीनं बदलला आणि उशिरा पोचल्या. सगळे उपाशी ताटकळलेले. पुढच्या फेरीत तीच तऱ्हा.

गाएतां सगळ्यांसमोर म्हणाला, "क्लचच पट्टेखाऊ आहे. भंगारात घाला! आणि वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही गाडीची मूठ धरता ती लाटणं धरल्यासारखी."

मी पट्टेखाऊ! मी!

क्लबचे अध्यक्ष नॉर्मां बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "ह्युगेत, पुढच्या रविवारी या हिवाळ्यातली शेवटची फेरी. पुन्हा असं झालं तर बंडी दुसऱ्याला द्यावी लागेल. मागे कोणी अडकला आणि आमची शेवटची गाडीच बंद पडली, तर आम्ही कोणाला हाक मारायची?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. बाई घरी आल्या आणि बंडी अंगातच ठेवून शेडमध्ये बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतल्यावर त्यांनी गाडी काढली. टेकडीवर जाऊन आल्या, इंजिन बंद केलं, झाकण उघडलं, हातमोजा काढला आणि मला हात लावला. "आई गं!" म्हणून हात झटकला. मग माझ्याकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, "याआधी तू असा कधी तापला नाहीस. तुझ्या पोटात काय घातलंय त्यानं?"

मित्रांनो, ॲल्युमिनियमला रडता येत नाही, नाहीतर मी तेव्हा रडलो असतो.

त्यांनी डबा उतरवला. माझी जुनी स्प्रिंग बसवली आणि पुन्हा टेकडी. हिसका गेला, पण चटका थोडा उरलाच. मग साखळीचं लहान चाक परत घातलं आणि पुन्हा टेकडी. पुन्हा हात लावला. या खेपेला मात्र हात माझ्यावर तसाच राहिला. मी कोमट होतो.

रविवार आला. गाएतां सगळ्यांच्या पुढून बर्फाचा धुरळा उडवत निघाला. आम्ही शेवटी. आता बाई माणसाच्या चालीनं गाडी चालवत होत्या आणि माझी पकड लोण्यासारखी मऊ. देवदारांच्या चढाखाली बघतो तर काय, गाएतांची स्वतःची, तळ्यासाठी जुळवलेली वाघीण आडवी उभी! पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या आणि जवळचा जादा पट्टाही आधीच संपलेला.

बाई उतरल्या. दोर बांधला, दीर मागे बसला आणि आम्ही त्याची गाडी ओढत चढ चढायला लागलो. सगळा भार माझ्यावर. एकदाही घसरलो नाही. झोपडीपाशी सगळे बाहेर येऊन उभे होते.

"काय झालं रे?" नॉर्मांनी विचारलं.

"काही नाही हो, पट्टाच खराब निघाला. हल्ली मालच तसला येतो."

ऐकलंत? अजूनही पट्टाच!

बाई दोर सोडता सोडता शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, पट्ट्याला तोंड नाही म्हणून तुमचं खपतंय."

सगळे हसले. या वेळी कोणाला हसले ते कोणी सांगायला नको. नॉर्मां म्हणाले, "ह्युगेत, पुढच्या हिवाळ्यातही शेवटी तूच." बाईंनी बंडी नीट केली आणि आत जाऊन सुपाचं झाकण स्वतः उघडलं.

तर मित्रांनो, सायकल असो, शिलाईयंत्र असो नाहीतर आजोबांचा पंखा असो, आम्ही सांगत असतो. वासानं सांगतो, आवाजानं सांगतो, चटक्यानं सांगतो. आम्हाला भंगारात फेकण्याआधी यंत्र बंद करून एकदा झाकण उघडा आणि आमचं ऐका. आमच्याकडून हवं ते काम करून घ्या, पण ज्या कामाचे आहोत त्या कामासाठी जुळवा.

गाएतांनं अजून माझी माफी मागितलेली नाही. मी वाट बघतोय.