आण्णाच्या पायातला उंबरा

पहार उचलली तवा आई दारात जोंधळं पाखडत व्हती. सूप तसंच टाकून ती माझ्या आडवी आली.

"समे, उंबऱ्याला लोखंड लावू नगंस. रोज हळदीकुकू लावती मी तिथं."

"आन आण्णा रोज अंगठा फोडून घेत्यात तिथं. सर बाजूला."

खोटं न्हवतं माझं. आमचं घर आज्यानं बांधलेलं. माळावरचं वारं आत शिरू नये म्हणून दार ठेंगणं, आन मेंढरांची कोकरं आत येऊ नयेत म्हणून उंबरा ईतभर उंच. आण्णाला एका डोळ्यानं काय दिसत न्हाई, दुसऱ्यानं नुसत्या सावल्या. त्या उंबऱ्यानं त्यांच्या अंगठ्याचं नख पार उलटून टाकलं व्हतं. मी शेंडेफळ. माझ्याबरुबरच्या पोरींचं आजं ज्या वयाचं, त्या वयाचा माझा बाप, आण्णा.

थोरला तानाजीदादा तिकडं कोईमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी गाळायच्या कामाला. फोन केला की म्हणायचा, होळीला येतो, गवंडी लावून घर म्हाताऱ्या माणसांच्या सोयीचं करतो, तवर दम धर. दम धरणं माझ्या अंगात असतं तर मी नववीतनं शाळा कशाला सोडली असती?

आई रागानं चुलीकडं निघून गेली. मी घाव घालत ऱ्हायले. बाभळीचा उंबरा, सहजी निघतोय व्हय? हाताला फोड आलं. निघाला तवा खाली मुंग्यांची अंडी आन कुठल्या तरी कोकराच्या गळ्यातलं गंजकं घुंगरू. खड्ड्यात मुरूम ठोकला, वर शिमीट वढलं, थापीनं गुळगुळीत केलं. लाकडाचा मला एवढा राग, की कुऱ्हाडीनं फोडून पाणी तापवायच्या चुलवणात घातलं.

शिमीट वाळल्यावर आण्णाचा हात धरून दाखवलं. ते उकिडवं बसलं, तळहात फिरवला, म्हणालं, "बेस केलंस पोरी."

त्याच दिवशी दिवेलागणीला वाडग्यात मेंढरं कोंडून आण्णा घराकडं आलं. मी भाकरी भाजत व्हते, मला चुलीपासनं दार दिसत व्हतं. आण्णा दाराशी आलं, पाय पुढं सरकावला. नुसतं सरकावतच ऱ्हायलं. आन कपाळ वरच्या चौकटीवर खाडकन बसलं. उताणं पडलं ते अंगणात.

मग मला दिसलं. जलमभर आण्णाच्या अंगठ्याला उंबरा लागायचा आन मान आपसूक वाकायची. डोळं असताना बी. उंबरा लागला न्हाई, मान वाकली न्हाई. हातानं चाचपून बघितलं व्हतं त्यांनी, पण पायाला कुणी सांगावं?

जतच्या दवाखान्यात कपाळाला टाकं पडलं, मनगटाला पलस्तर. दादा फोनवर लय बोलला. एरवी मी एकाला दोन लावली असती. त्या दिवशी ऐकून घेतलं आन आण्णाच्या औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात गेले.

आण्णा मला एका शब्दानं बोललं न्हाईत. शेजारची राहीबाई इचारायला आली तर तिला म्हणालं, म्हातारपणी ध्यान ऱ्हात न्हाई, पोरीनं चांगलंच केलं व्हतं. मी आडोशाला शेण गोळा करताना ते ऐकलं. त्यापरीस चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आन तवापासनं ते घरात येईनात. वाडग्याच्या कडंला घोंगडं टाकून झोपायचं. आत उबारा हुतोय म्हणायचं. पौषातलं वारं हाडात शिरत व्हतं, रानात जोंधळा गारठून हुबा, आन ह्यांना उबारा. रात्रभर खोकला ऐकू यायचा. आई भाकरी तिकडं न्यायची. सकाळी उठून शिमीटावर, जिथं उंबरा व्हता तिथंच, हळदीकुकू लावायची.

शेवटी एका सांजंला मीच वाडग्याकडं गेले.

"आण्णा, घरात चला."

"हितं बरं हाय."

"बरं कुठलं? खोकून जीव चाललाय. चौकट पाडती मी, मग तर याल?"

"नगं पोरी. आता काय पाडू नगंस." घोंगडं अंगाभवती वढून घेतलं. मग हळूच म्हणालं, "मला दार गावत न्हाई गं."

पहार घेऊन कुठं घाव घालावा, ते मला पयल्यांदाच कळंना. मी त्यांचा चांगला हात धरला आन अंगणातनं आणलं. दाराशी आल्यावर हात सोडला.

"हुबं ऱ्हावा. मी म्हणल्यावर या."

आन मी जाऊन दारात आडवी बसले. आईच्या हळदीकुकवावरच.

"या आता."

आण्णा पाय सरकवत आलं. अंगठा माझ्या मांडीला लागला. तसा त्यांनी पाय झटक्यानं मागं घेतला.

"लेकीला पाय लागला की गं."

"लागू द्या."

"आसं कुठं असतंय व्हय, समे."

"लागू द्या म्हणती न्हवं. वाका आन या."

आतनं आई परात हातात घेऊन बघत व्हती. आण्णानी परत पाय पुढं केला. अंगठा लागला, आन मान वाकली. आपसूक. हात माझ्या डोक्यावर टेकवून त्यांनी एक पाय पलीकडं टाकला आन तसंच थांबलं.

"उंबरा हालतोय गं," म्हणालं.

मी पदरागत वढणी तोंडात कोंबली आन अंग घट्ट केलं, त्यांचा दुसरा पाय आत येईस्तवर.