अख्खा उकडलेला पाला

तापानंतर बाबांची चव गेली आणि वासही गेला. ते एका कॅन्टीनचे मुख्य आचारी. त्यांच्या भटारखान्यात त्यांच्याशिवाय कुणी चाखायचं नाही, हा त्यांचा खाक्या. आता सोमवारी राजीनामा देतो म्हणून ते अडून बसले होते. आई त्यांना सगळं उकडून घालायची. जे चावावं लागेल ते तिला धोक्याचं वाटायचं.

मी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत आहे. तिथून मोहरीच्या कोवळ्या पाल्याची जुडी आणली. म्हटलं, हा तरी नाकाला झिणझिण्या आणेल. माझी पाठ वळताच आईने निम्मी जुडी अख्खीच उकळत्या पाण्यात टाकली.

बाबांनी दोन घास चावले. "ओला कागद," म्हणाले आणि ताट सरकवलं.

मला वाटलं, मोहरीही लागत नसेल तर संपलंच. मग पातेलं दिसलं आणि मी भडकले.

"आई, चिरलासुद्धा नाहीस? अगं, पानात तिखटपणा तयार नसतो. झाड कच्चा माल एका कप्प्यात ठेवतं आणि त्याचं तिखट करणारा रस दुसऱ्यात. कीड पान चावते तेव्हा दोन्ही एकत्र येतात आणि तिला झोंबतं. तू आधीच उकळून तो रस मारून टाकलास."

"झाडं कप्पे करतात हे मला कुणी सांगितलंय?" आई पुटपुटली.

मी एक कच्चं पान बाबांपुढे धरलं. त्यांनी ते चावलं. आधी काहीच झालं नाही. मग डोळ्यांतून पाणी आलं, नाक गळायला लागलं.

"चव नाही," ते म्हणाले. "पण झोंबलं."

झोंबणं वेगळं आणि चव वेगळी. चव परत येईलच असं मला सांगता येईना, आणि मी तसं स्पष्ट बोलले. बाबांनी मान हलवली आणि आईकडे वळले.

"अख्खा पाला उकडतेस? आचाऱ्याच्या घरात इतकी वर्षं काय केलंस?"

आजारपणानंतर ते पहिल्यांदाच स्वयंपाकावर बोलत होते. मला इतका आनंद झाला की आईला बोलणी बसतायत याचंही काही वाटलं नाही.

त्यांनी उरलेला पाला बारीक चिरला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग बटाट्यात परतला. सवयीने चमचा तोंडाजवळ नेला आणि थांबले. मग तो आईपुढे धरला.

"मीठ बघ."

"मी?"

"हो, तूच. आणि नीट सांग. सोमवारपासून तिकडेही कुणाला तरी विचारावं लागणार आहे."