स्थळप्रत

टाचणीचं डोकं गंजलेलं होतं आणि अमेरिकेनं नाही म्हटलं होतं. यांपैकी दुसरी गोष्ट झालीच नव्हती.

म्हणजे सकाळी सहाला, आई दवाखान्याच्या ड्यूटीचा डबा भरत असताना, संघमित्रानं मोबाइलवर अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचं पत्र उघडलं होतं, 'कळवण्यास खेद वाटतो' इथपर्यंत वाचलं होतं, आणि मग पोहे खाल्ले होते... पोहे खाल्ले हे नक्की, कारण शेंगदाणा अजून दाढेत होता. "आलं का गं उत्तर?" "त्यांचं सर्व्हर बंद आहे." "एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं?" "गर्दी असते, आई." "म्हणजे रेशनच्या दुकानासारखंच," असं म्हणून आईनं अमेरिकेला माफ केलं आणि स्कूटी काढली.

तेव्हा उत्तर आलेलं नाही. मेहरूणच्या घरापासून कॉलेजपर्यंत रिक्षातही ते आलं नाही. धुळ्याच्या सुकदेवमामांच्या बाबतीत तर त्यानं येणं शक्यच नव्हतं, कारण मामांनी अभिनंदनाचा फ्लेक्स डिझाइन करून ठेवला होता — डावीकडे ती, उजवीकडे मशालवाली बाई, मधे स्वतः मामा, दोघींपेक्षा मोठे — फक्त युनिव्हर्सिटीचं नाव भरायचं राहिलं होतं. आठ ठिकाणी अर्ज केले. सात नकार येऊन गेले. सगळा खर्च उचलणारी ही शेवटची, आणि खर्च उचलला नाही तर जाणं नाही, इतका सरळ हिशोब. निबंधात त्यांना 'तुमच्यावर आलेलं संकट' हवं होतं. आईला विचारलं, आपल्यावर काय संकट आलंय? आई म्हणाली, "तू." साडेसहाशे शब्दांत ते बसलं नसतं.

आता ती कॉलेजच्या ऑफिसात, पुण्याच्या एका वसतिगृहासाठी बोनाफाईड घ्यायला — केवळ खबरदारी म्हणून — उभी होती, आणि हेडक्लार्क अभिमनभाऊ तिची फाइल सोडत होते.

"काय मंग, लागना का अमेरिकाना नंबर?"

"अजून नाही, भाऊ."

"लागी. आपण कसर ठेवेल नई." त्यांनी ती गंजकी टाचणी काढून ओठांत धरली आणि एक प्रिंट तिच्यापुढे सरकवली. "स्थळप्रत. गेलेल्या कागदाची प्रत नाही, असं या ऑफिसात एकोणतीस वर्षांत झालं नाही."

त्या अमेरिकन लोकांना प्रत्येक कॉलेजात एक समुपदेशक असतो असं वाटतं. इथे नव्हता, म्हणून ते पद अभिमनभाऊंकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलं होतं. शिफारशीचा फॉर्म त्यांनी भरला. प्राचार्यांचं मत म्हणजे टाचणीशेजारची सही. बौद्धिक कुतूहल, पुढाकार, संकटात टिकून राहणं... प्रत्येकापुढे ओळीनं रकाने : सरासरीखाली, सरासरी, चांगली, फार चांगली, उत्कृष्ट, पहिल्या पाच टक्क्यांत, आणि शेवटी — माझ्या सबंध कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक. पंधरा ओळी. पंधरा खुणा. सगळ्या 'चांगली'वर, एकाखाली एक, ठिबकच्या नळीवरच्या छिद्रांसारख्या.

प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. शाळा सोडल्याच्या प्रत्येक दाखल्यावर हेच असतं — माझ्या, आईच्या, मामांच्यासुद्धा. त्याच्यावर काही नाहीच. त्याच्याखाली 'समाधानकारक', आणि ते भाऊंनी आयुष्यात एकदाच लिहिलं होतं, चुडामण नावाच्या मुलाला, ज्यानं प्रयोगशाळेत बकरी कोंडली होती. तो आता नगरसेवक आहे.

"ते पुढचे रकाने?" तिनं विचारलं.

"ते भरू नये, बेटा. 'उत्कृष्ट' लिहिलं की कोणीतरी विचारतं, पुरावा जोडा. बठ्ठं चांगलंच लिखेल शे. एक बी समाधानकारक नई."

तर हे होतं. जवळजवळ आनंदच झाला — नकाराचं कारण मी नव्हते! निबंध नव्हता, गुण नव्हते, दोन वर्षांची तयारी नव्हती. पंधरा खुणा होत्या. हा विचार धरून ती मिनिटभर उभी राहिली... आणि मग तो हातातून सुटायला लागला. कारण पन्नास हजार अर्ज होते, आणि घेतले दोन हजार. कारण शेवटच्या रकान्यात पंधराच्या पंधरा खुणा असत्या, तरी — तरी काय? हे आता कुणालाच माहीत होणार नव्हतं. तिला स्थळप्रतीवर चिडायचं होतं, पण स्थळप्रतीमागे भाऊ उभे होते, ओठांत टाचणी, थकलेले, आणि वाट बघणारे.

"काही चुकनं का बेटा?"

"नाही, भाऊ. चांगलं भरलंय."

त्यांनी कागद परत टाचले. टाचणी आधीच्याच भोकातून गेली. संघमित्रानं बोनाफाईडचा अर्ज पुढे ओढला. नाव लिहिलं, इयत्ता लिहिली, कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं... आणि डोक्यात दुसराच अर्ज आपोआप उमटत गेला, पूर्ण, समासासकट :

प्रति, मा. प्रवेश अधिकारी, अमेरिका. विषय : झालेली गोष्ट झाली नसल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर नकार अर्जदारामुळे आला किंवा रकान्यामुळे, याचा लेखी खुलासा आपल्या स्तरावरून व्हावा. आणि तो प्राप्त होईपर्यंत अर्जदारास पूर्वलक्षी प्रभावाने 'मोजक्यांपैकी एक' समजण्यात यावे, ही नम्र विनंती.