शेवटच्या शब्दापर्यंत

मित्रांनो, तुमच्या चकचकीत फोनांपुढे मी ओबडधोबडच दिसेन. मी बटणांचा जुना फोन आहे. माझ्यावरचा पाचचा आकडा झिजला आहे आणि मागचे झाकण रबरबँडने आवळलेले आहे. अनेक वर्षे मी एका फिटरकाकांच्या खिशात काढली. यंत्रांच्या गोंगाटातही माझी घंटी ऐकू येते, याचे त्यांना कौतुक होते. पुढे घरात नवा फोन आला आणि माझी रवानगी फडताळात झाली.

बँकेत मात्र माझाच नंबर नोंदलेला होता, म्हणून तिचे संदेश माझ्याकडे येत. निवृत्तीनंतर काकांना मोतीबिंदूमुळे दिसेनासे झाले. मग काकू त्यांना प्रत्येक संदेश वाचून दाखवू लागल्या.

"अगं, मधलं गाळू नकोस. अर्धवट माप घेतलं की काम बिघडतं," काका बजावत.

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत काकू शेवटच्या शब्दापर्यंत वाचत.

एके दुपारी काका झोपलेले असताना नवा फोन वाजला. "मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज बंद पडेल. आत्ता एक कोड येईल, तेवढा सांगा."

त्या खात्यात काकांच्या शस्त्रक्रियेसाठी जमवलेले पैसे होते. नवा फोन कानाला तसाच धरून काकू फडताळाकडे आल्या. इतक्यात मी वाजलो. त्यांनी मला उचलले आणि सवयीप्रमाणे पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "तुमच्या खात्यातून पैसे पाठवण्याचा कोड खाली दिला आहे. तो कोणालाही सांगू नका. बँक तो कधीही विचारत नाही..."

"ते राहू द्या हो, नुसते आकडे वाचा."

काकू थबकल्या. "तुम्ही बँकेतले ना? मग तुमच्याच बँकेचं लिहिणं गाळायला का सांगता? आमच्या घरी मधलं गाळत नाहीत." त्यांनी फोन ठेवला.

काकांना उठवून, मला पिशवीत घालून त्या तडक बँकेत गेल्या. "नकोच ते ऑनलाइन खातं," त्या म्हणाल्या. जुना पासवर्ड चोराला कळला असणार, म्हणून तिथल्या अधिकारी बाईंनी समोर बसवून त्यांच्याकडूनच नवा पासवर्ड घालून घेतला आणि स्वतः मान फिरवली. "मलाही दाखवू नका, काकू. कुलूप तुम्हीच राखलंत, आता किल्लीही तुमचीच." काकूंचा ऑनलाइन खात्यावरचा विश्वास परतला.

शस्त्रक्रिया झाली. आता काकाच मला डोळ्यांसमोर धरून संदेश वाचतात.

"अहो, मधलं गाळलंत," काकू हसून म्हणतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कोणी कितीही घाई केली तरी आलेला संदेश पूर्ण वाचा. आणि फडताळातल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला चार्जिंगला लावायला विसरू नका. वेळेवर वाजायचे असेल, तर मला जागे राहायला हवे.